सूज आली कधी?

सकाळी ६.००

मे महिन्यात दीपनगरला माणसं ऊन चढायच्या आत कामं उरकून घेतात. औष्णिक वीज केंद्रातली रात्रपाळी संपत आलेली असते, फेकरीकडचे मजूर मोटारसायकलींवर निघालेले असतात, आणि माझा फोन वाजायला लागलेला असतो. दवाखाना आठला उघडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आरशात स्वतःचं सुजलेलं तोंड पाहिल्यावर आठ वाजेपर्यंत कुणाला धीर निघत नाही.

त्या दिवशीचा पहिला फोन वसाहतीतल्या एका ताईंचा होता. आधी फोटो आला. ओठांच्या कडा सुजलेल्या, हनुवटीवर लाल चट्टे, डाव्या डोळ्याची पापणी फुगलेली. मग आवाज आला, “मॅडम, रात्री भरीत खाल्लं होतं. त्यानंच झालं का हो?”

“श्वास नीट चाललाय? थुंकी गिळताना अडतंय का? अंगावर गांध्या उठल्यात?”

तिन्ही प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर आलं. आवाजही रोजचाच होता, बसलेला किंवा घोगरा नव्हता. फोटोत न दिसणारी ही गोष्ट फोनवर कळते, म्हणून फोटोवर मी कधीच भागवत नाही, बोलायला लावते.

“सूज कधी आली?”

“काल दुपारपासून चुरचुरत होतं. आज उठले तर हे असं.”

“आणि परवा काय काम केलंत?”

“लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या की. मी आणि सासूबाईंनी.”

उत्तर तिथेच मिळालं. कैरीच्या देठातून गळणारा चीक हाताला लागतो आणि घाम पुसताना तोच हात तोंडावरून फिरतो. आंबा, काजू आणि बिबा ही एकाच कुळातली झाडं आहेत, आणि त्यांच्या चिकात कातडीला चिडवणारी तेलकट द्रव्यं असतात. आपल्याकडे दुखऱ्या सांध्यावर बिबा लावतात आणि तो उतला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळे मिटतील इतकं तोंड सुजतं. त्यातलाच हा सौम्य प्रकार. मी त्यांना तोंड साबणाने हलक्या हाताने धुवायला, नखं कापायला आणि साडेआठला दवाखान्यात यायला सांगितलं.

तोंड सुजलेल्या माणसाला घरचे, शेजारचे, मेडिकलवाले सगळे एकच विचारतात, “काय खाल्लं?” मी आधी “कधी आली?” हे विचारते. दंशाने काही मिनिटांत आलेली सूज वेगळी, स्पर्शाने दोन दिवसांनी आलेली वेगळी आणि रोजची गोळी वर्ष-दोन वर्षं घेतल्यावर अचानक आलेली वेगळी. तिन्हींची औषधं वेगळी आणि धोकाही वेगळा. आरशात मात्र तिन्ही सारख्याच दिसतात.

सकाळी ७.४५

दवाखाना उघडला की पेशंट आत घेण्याआधी मी आणि सिस्टर तातडीचा ट्रे तपासतो. ॲड्रेनालिनच्या ॲम्प्यूल, एक मिलिलिटरच्या सिरिंज, सुया, सलाइन, ऑक्सिजनचा सिलिंडर, मास्क, बीपीचं यंत्र. ॲड्रेनालिनची एक ॲम्प्यूल म्हणजे एक मिलिलिटर पाणी आणि त्यात एक मिलिग्रॅम औषध. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं पुरतं. लहान मुलाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, आणि कितीही वजन असलं तरी एका वेळी अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. हे माप भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं आहे, कारण धावपळीत मनातल्या हिशोबावर विसंबायचं नसतं.

आमच्या भागात या औषधाची जास्तच निगा राखावी लागते. ते २५ अंशांच्या खाली आणि उजेडापासून दूर ठेवायचं असतं, आणि भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून खोकं कपाटात सगळ्यात आत, थंड बाजूला असतं. सिस्टर रोज एकेक ॲम्प्यूल उजेडाकडे धरून बघतात. पाणी स्वच्छ हवं. गुलाबी किंवा तपकिरी झाक दिसली, तळाशी कण दिसले, की ती ॲम्प्यूल बाद. इतक्या स्वस्त औषधासाठी रोज पाच मिनिटं कशाला, असं नव्या मदतनिसाला वाटतं. त्या पाच मिनिटांचं मोल कधी कळेल, ते सांगून येत नाही.

सकाळी ८.३०

रांगेत पहिली एक आजी आणि तिचा पाच वर्षांचा नातू. पोराचे दोन्ही डोळे सुजलेले. खाज नाही, लाली नाही, दुखतही नाही.

“नजर लागली बाप्पा पोराले,” आजी म्हणाली. “मेडिकलवाल्यानं खाजेचं औषध देलं. संध्याकाळी उतरते, सकाळी पुन्हा येते.”

“कधीपासून?”

“सहा-सात दिस झाले.”

ॲलर्जीची सूज रोज पहाटे येऊन रोज संध्याकाळी ओसरत नाही. रात्रभर आडवं झोपल्यावर अंगातलं पाणी डोळ्यांभोवती साठतं आणि दिवसभर उभं राहिल्यावर ते पायांत उतरतं. मी पोराच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढल्यावर तिथे खळगा राहिला. लघवी कमी होते का, फेस येतो का, असं विचारलं तर आजी म्हणाली, “फेस येतो खरा.” लघवीत पट्टी बुडवली. प्रथिनांचा रंग गडद हिरवा आला.

हा त्रास मूत्रपिंडाचा. लहान मुलांत तो दिसतो आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक पोरं त्यातून चांगली बाहेर पडतात. मी चिठ्ठी लिहून त्याच दिवशी भुसावळच्या बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. सुजलेला चेहरा म्हणजे ॲलर्जीच, असं धरून चालल्यामुळे त्या पोराचा आठवडा खाजेच्या औषधात गेला होता. दाढेला पू झाला की एका बाजूचा गाल सुजतो, दुखतो, ताप येतो. तीही ॲलर्जी नव्हे. म्हणून ‘कधी’च्या पाठोपाठ मी विचारते, खाज आहे की दुखणं? एका बाजूला की दोन्ही? येऊन थांबली की येते-जाते?

सकाळी १०.००

लग्नसराईत दवाखान्यात एक पेशंट ठरलेला असतो. या वेळी तो मुलीचा बाप होता. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्याला गमछा गुंडाळलेला, दोन्ही डोळ्यांच्या फटीसुद्धा दिसत नव्हत्या. हाताला धरून मुलाने आत आणलं. कपाळावर केसांच्या रेषेला बारीक फोड, कानांच्या पाळ्यांवर ओल.

“केस कधी काळे केले?”

“परवा संध्याकाळी. पण मॅडम, आज दहा-बारा वर्षं करतोय. कधी काही झालं नाही.”

केसांच्या काळ्या रंगात पॅराफेनिलिनडायअमिन नावाचं द्रव्य असतं. शरीर ते वर्षानुवर्षं सहन करतं आणि एखाद्या दिवसापासून सहन करेनासं होतं. त्यानंतर प्रत्येक वेळी रंग लावल्यावर एक ते तीन दिवसांत सूज येते. रंग लागतो डोक्याला, पण डोक्याची कातडी जाड आणि पापणीची सगळ्यात पातळ, त्यामुळे पाणी डोळ्यांत उतरतं. माणसाला वाटतं, डोळ्यांना काहीतरी झालं.

श्वास, आवाज, बीपी सगळं ठीक होतं. मी थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि डोकं भरपूर पाण्याने धुवायला सांगितलं. त्यांना खरी काळजी वेगळीच होती. तीन दिवसांवर लग्न होतं.

“तोपर्यंत उतरेल ना?”

“डोळे उघडतील. सगळी उतरायला आठवडा लागेल.” खोटा दिलासा देऊन काही मिळत नाही. “मुलीच्या हातावर कुठली मेंदी काढणार आहात?”

मुलगा म्हणाला, लवकर रंगते म्हणून काळी मेंदी ठरवली आहे. काळ्या मेंदीत बऱ्याचदा हेच द्रव्य मिसळलेलं असतं. नवरीच्या हातावर नक्षीच्या जागी फोड उठलेले मी पाहिले आहेत. पानांची साधी मेंदी आणा, रात्रभर ठेवा, रंग तांबडा येऊ द्या, असं मी त्यांना निक्षून सांगितलं. केसांचा रंग मात्र त्यांना आता कायमचा बंद. ज्यांना अजून त्रास झालेला नाही त्यांनीही कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबावं. पाकिटावर ती सूचना छापलेली असते, पण हळदीच्या धांदलीत ती कोण वाचतो?

सकाळी ११.४०

बाहेर मोटारसायकल करकचून थांबली. मागे-पुढे दोघं आणि मध्ये एक जण, मान टाकलेला. “मॅडम, माशी चावली!”

पंचविशीचा तरुण. हतनूर धरणाच्या कालव्याकडच्या केळीच्या बागेत केळफूल काढत होता. केळफुलावर मधमाश्या असतातच. एकच माशी कानाजवळ चावली. सोबतच्या भावाने सांगितलं, पाच मिनिटांत तळहात खाजायला लागले, मग अंगभर पित्त उठलं, मग ओठ आणि डोळे सुजले, मग उलटी झाली. बागेत कुणीतरी आमसूल चोळलं. वाटेत आवाज बसला.

ते त्याला खुर्चीवर बसवायला निघाले होते. “बसवू नका! आडवा करा, पाय वर घ्या.” रक्तदाब घसरलेल्या माणसाला एकदम उभं केलं किंवा बसवलं तर हृदयाकडे परतणारं रक्त आटतं आणि तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो. सिस्टरने बीपी घेतलं. वरचा आकडा ७०. नाडी १३०. छातीला स्टेथोस्कोप लावला तर शिट्टीसारखा आवाज.

ॲम्प्यूल फोडली, अर्धा मिलिलिटर ओढला आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला मधोमध, पँटवरूनच, स्नायूत दिला. भिंतीवरच्या घड्याळात ११.४२ झाले होते. सिस्टरने ती वेळ फळ्यावर लिहिली आणि ऑक्सिजन लावला. भावाला १०८ ला फोन करायला लावलं. कानामागे नांगी अजून रुतलेली होती, ती नखाने ओरबाडून काढली. नांगी चिमटीने काढावी की खरवडून, यावर वाद घालत बसू नये. ती जितका वेळ आत राहते तितका वेळ विष सोडत राहते, म्हणून लवकर काढणं महत्त्वाचं.

भाऊ घाबऱ्या आवाजात म्हणाला, “मॅडम, एव्हिलचं इंजेक्शन द्या ना! गेल्या साली त्यानंच उतरलं होतं.”

हे मी रोज ऐकते. एव्हिलने खाज कमी होते, गांध्या बसतात. पण पडलेला रक्तदाब त्याने उठत नाही आणि सुजलेला घसाही मोकळा होत नाही. त्याच्या जोडीला दिलेलं स्टेरॉइड काम करायला काही तास घेतं, आणि या माणसाकडे तास नव्हते. ॲड्रेनालिन फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, घशाची सूज उतरवतं, श्वासनलिका सैल करतं आणि हृदयाला जोर देतं, आणि हे सगळं मिनिटांत. म्हणून ते आधी. बाकीचं त्यानंतर.

सलाइन जोरात सोडलं. ११.४९ ला बीपी ८० वर आलं होतं, पण आवाज अजून घोगरा होता. दुसरा डोस दुसऱ्या मांडीत दिला. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर डोस पुन्हा द्यायचा, हा नियम आहे, आणि तो पाळताना हात आखडता घ्यायचा नसतो. छाती धडधडेल, हात थरथरतील, पण ते काही वेळाने थांबेल. ११.५६ ला त्याने डोळे किलकिले केले आणि म्हणाला, “पानी.” आवाज त्याचा स्वतःचा होता. पाणी मी दिलं नाही. घसा सुजलेला असताना तोंडातून काही द्यायचं नाही. पण त्या एका शब्दाने खोलीतल्या सगळ्यांचा श्वास मोकळा झाला.

१०८ ची गाडी सव्वाबाराच्या आत आली. मी चिठ्ठीवर दंशाची वेळ, दोन्ही डोसांच्या वेळा आणि बीपीचे आकडे लिहिले, गाडीतल्या डॉक्टरांना वाचून दाखवले आणि त्याला भुसावळला रुग्णालयात भरती करायला पाठवलं. भाऊ म्हणाला, “आता तर बरा आहे. घरी नेऊ का?” नाही. काही जणांना काही तासांनी, नवा दंश नसतानाही, तोच झटका दुसऱ्यांदा येतो. ज्याला दोन डोस लागले त्याला रात्रभर नजरेखाली ठेवायचं.

दुपारी १.३०

जेवण झाल्यावर मी नोंदवही लिहायला बसते. त्या तरुणाचं पान लिहिताना भावाचं बोलणं मनात घोळत होतं, “गेल्या साली त्यानंच उतरलं होतं.” म्हणजे गेल्या वर्षी माशी चावल्यावर त्याचं तोंड सुजलं होतं आणि अंगावर पित्तही उठलं होतं. दंश एका जागी आणि गांध्या अंगभर, हा शरीराने तेव्हाच दिलेला इशारा होता. चावलेल्या जागीच मोठी सूज आली तर फारशी काळजी नसते. दंशापासून दूर, अंगभर काही उठलं तर पुढच्या दंशाला जपायला हवं. तेव्हा कुणीतरी त्याला हे सांगायला हवं होतं.

पहिल्या वेळेला काही न होणं आणि दुसऱ्या वेळेला जिवावर बेतणं, हे कोडं वैद्यकशास्त्राला १९०१-०२ मध्ये पडलं. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए समुद्रातल्या एका प्राण्याच्या विषावर प्रयोग करत होते. थोडं थोडं विष देऊन कुत्र्यांना ते सोसायची सवय लावावी, असा त्यांचा बेत होता. नेप्च्यून नावाच्या एका धडधाकट कुत्र्याने पहिला डोस सहज पचवला. बावीस दिवसांनी त्याला तोच छोटा डोस दिला, तर तो काही क्षणांत आजारी पडला आणि पंचवीस मिनिटांत मेला. पहिल्या गाठीत शरीर विषाला ओळखतं आणि पुढच्या गाठीसाठी शस्त्रं परजून ठेवतं, कधी कधी गरजेपेक्षा फारच जास्त. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ती शस्त्रं म्हणजे ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं, हे उलगडायला १९६६ उजाडलं. ते काम किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने केलं. माझ्या ट्रेमधलं ॲड्रेनालिन शुद्ध स्वरूपात वेगळं करणारे जोकिची ताकामिनेही जपानीच. ते काम १९०१ चं. एकीकडे आजाराची ओळख पटत होती, त्याच सुमारास त्यावरचं औषध बाटलीत आलं होतं. शंभरावर वर्षं होऊन गेली, तरी आमच्याकडे पहिला आवाज एव्हिलचाच होतो.

संध्याकाळी ५.३०

ऊन कलल्यावर पुन्हा रांग. आतमध्ये आले ते वरणगावकडचे एक शेतकरी आबा, जुने पेशंट. तोंडाची, मानेची, पापण्यांची कातडी जाड, काळवंडलेली, सुरकुत्या खोल. सदऱ्याने झाकलेलं अंग मात्र नितळ.

त्यांची सूज मिनिटांची नाही आणि दिवसांचीही नाही, ऋतूंची आहे. पावसाळ्यात बांधावर गाजर गवत माजलं की चेहरा सुजतो, उन्हाळ्यात थोडा निवळतो, आणि दरवर्षी थोडं थोडं मागे उरतं. हे गवत भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते १९५० च्या दशकात पुण्यात, आणि त्याने होणाऱ्या त्वचारोगाचा अभ्यासही पुण्यातच आकाराला आला. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. गवताचा वाळलेला भुगा वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो, म्हणून आबांनी गवताला हात लावला नाही तरी त्यांचं तोंड सुजतं.

पावसाला महिना राहिला होता, म्हणून मी त्यांना आत्ताच बोलावलं होतं. उपाय बांधावर करायचा आहे. पहिल्या पावसानंतर गवत कोवळं असताना, फुलायच्या आत, घरातल्या ज्याला त्रास नाही त्याने हातमोजे घालून ते मुळासकट उपटायचं. आबांनी त्या वेळी शेतात थांबायचं नाही, आणि घरी आल्यावर तोंड-मान धुऊन कपडे बदलायचे. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “पोराले धाडतो तुमच्याकडं. तुम्हीच सांगा त्याले, मह्यं ऐकत नाही.” मुलाला मी सांगेन.

संध्याकाळी ६.४५

वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका पत्नीसोबत आले. जिभेची उजवी बाजू सुजलेली, बोलणं जड. अंगावर एक गांध नाही, खाज नाही.

“कधीपासून?”

“चार वाजल्यापासून,” काकूंनी सांगितलं. “दुपारी शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती यांनी. गेल्या तीन-चार महिन्यांत दोनदा ओठ सुजला होता. एकदा वांग्यावर संशय घेतला, एकदा शेंगदाण्यावर. दोन्ही बंद केलं, तरी आज झालं.”

मी गोळ्यांची पिशवी मागितली. बीपीची गोळी, नावाच्या शेवटी ‘प्रिल’. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल या सगळ्या एका गटातल्या गोळ्या. चांगलं औषध आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा फायदाच होतो. पण थोड्या माणसांना त्याने ओठ, जीभ, घसा सुजतो, आणि ते पहिल्या आठवड्यातही घडतं, दोन-तीन वर्षांनीही घडतं. रोजची गोळी म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. दोष जातो ताटातल्या वांग्याला.

ही सूज वेगळ्या रसायनाने येते. तिला ब्रॅडिकायनिन कारणीभूत असतं, म्हणून खाज नसते, गांध्या नसतात, आणि एव्हिल किंवा स्टेरॉइडचा तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ॲड्रेनालिनही अनेकदा पुरं पडत नाही. जीभ सुजली म्हणजे पुढे घसा सुजू शकतो, आणि तशी वेळ आली तर श्वासनलिकेत नळी घालणारी माणसं जवळ हवीत. काकांचा श्वास त्या घडीला मोकळा होता, आवाज जड असला तरी घोगरा नव्हता. मी रुग्णालयात फोन केला, गाडी बोलावली आणि जुन्या चिठ्ठीवर लाल अक्षरांत लिहिलं की या गटातली कुठलीही गोळी त्यांना पुन्हा कधी देऊ नये.

काकू जाताना म्हणाल्या, शेजारच्या भाऊंनाही हीच गोळी आहे, त्यांची बंद करायला सांगू का? नाही. ज्याला त्रास नाही त्याने आपल्या मनाने बीपीची गोळी बंद केली तर लकव्याचा धोका आहे. ओठ-जीभ सुजली तर मात्र लगेच दाखवायचं आणि गोळी बदलून घ्यायची.

रात्री ८.४५

दवाखाना बंद करून मी आणि सिस्टर भुसावळला गेलो. काकांची जीभ वाढलेली नव्हती. दुपारचा तरुण पुरुषांच्या वॉर्डात पलंगावर बसला होता. डोळ्यांची सूज निम्मी उतरलेली, रक्तदाब चांगला, दुसरा झटका अजून तरी आलेला नव्हता. उशाला कुणीतरी डझनभर केळी आणून ठेवली होती. बायको आणि भाऊ दोघंही होते.

बायकोने सरळ विचारलं, “मॅडम, आता बागेत जायचं नाही का यांनी? मग खायचं काय आम्ही?”

जाऊ नको म्हणणं मला सोपं आहे. मी तसं म्हणू शकले नाही. मोठ्या शहरातल्या ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवायला हवं, त्यासाठी चिठ्ठी देते, असं सांगितलं. तोवर बागेत एकट्याने काम करायचं नाही, अंग झाकणारे कपडे घालायचे, फोन चार्ज असलेला हवा. आणि ॲड्रेनालिनच्या दोन ॲम्प्यूल, दोन सिरिंज कायम जवळ हव्यात. परदेशात यासाठी मांडीवर दाबायची तयार पेनं मिळतात. आमच्याकडे ती सहसा मिळत नाहीत, म्हणून ॲम्प्यूल आणि सिरिंज घेऊन शिकायचं. मोटारसायकलच्या डिकीत ठेवायची नाहीत, तिथे औषध भाजून निघेल. बागेत पाण्याच्या माठाशेजारी, सावलीत, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवायची.

सिस्टरने नुसत्या पाण्याच्या ॲम्प्यूल आणल्या होत्या. पहिली फोडताना बायकोचं बोट बाजूला घ्यायचं राहिलं. सिस्टरने हात धरून दाखवलं. सिरिंजमध्ये अर्ध्या खुणेपर्यंत पाणी ओढलं, वरची हवा काढली. टोचायचं कशात? तिनेच उशाचं केळं उचललं. सुई सरळ, एका दमात आत, दट्ट्या शेवटपर्यंत. मग भावाची पाळी. त्याच्या सिरिंजमध्ये हवा राहिली. दुसऱ्या वेळेला जमलं.

पलंगावरचा तरुण हे सगळं मुकाट्याने बघत होता. मी बायकोला म्हटलं, आता मला सांग, माशी चावली, पित्त उठलं, आवाज बसायला लागला, तर काय करायचं?

तिने बोटांवर मोजत सांगितलं, “पयलं आडवं पाडायचं. मग मांडीत सुई, कपड्यावरूनच. मग १०८ ले फोन. घड्याळ बघून ठेवायचं. दहा मिनिटांत बरं वाटलं नाही तर दुसरी सुई. गोळी-बिळी सगळ्यात शेवटी.”

“आणि सुई दिल्यावर बरं वाटलं तर?”

“तरी दवाखान्यात,” तिने नवऱ्याकडे बघून सांगितलं. “तो पुन्हा येतो म्हणतात.”

मी भावालाही तेच विचारलं. तो घड्याळ विसरला. वहिनीने त्याला आठवण करून दिली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.